पलीकडच्या फ्रिजमधल्या अळ्या

वहिनी गाजराची सालं मागायला लागल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. एप्रिलचा महिना, गाजराचा हंगाम सरलेला, भाव चढलेला, आणि ह्या बाई रोज सकाळी भिंतीपलीकडून विचारणार, "ताई, गाजर चिरलं का जी आज? सालं टाकून नका देऊ बरं." मला वाटलं, दारात गाय येत असेल. आमच्या भिलाई-3 ला गाईंचा तोटा नाही. पण गाईला कुणी सालं धुऊन, फडक्याने कोरडी करून, बोटाच्या पेराएवढे तुकडे करून घालतं का?

आमची दोन घरं आणि मध्ये एकच भिंत, तीही कमरेएवढी. दोघींचे नवरे चरोद्याच्या रेल्वे यार्डात, म्हणजे बीएमवायला नोकरीला होते. रिटायर झाल्यावर दोघांनी शेजारी शेजारी प्लॉट घेतले. भिंतीचा खर्च निम्मा निम्मा ठरला, म्हणून उंचीही निम्मीच राहिली असं आमचे हे म्हणतात. तिच्यावर कोपर टेकून टेकून सिमेंट पार गुळगुळीत झालंय. माझं माहेर नागपूरचं, वहिनींचं तुमसरचं. चाळीस वर्षं इथे काढल्यावर बाजारात आमच्या तोंडी हिंदी येते, कामवालीशी छत्तीसगडी येते, पण भिंतीवर आलं की मराठी. वहिनींची तर अस्सल भंडाऱ्याकडची.

एक दिवस आजूबाजूला बघून त्या हळूच म्हणाल्या, "खरं सांगू का ताई, अळ्यायसाठी पाहिजेत."

"कुठल्या अळ्या?"

"पाळून राहिली न् बाप्पा. फ्रिजमधी आहेत."

माझ्या हातातली तुळशीची झारी तशीच राहिली. तुमसर म्हणजे भाताच्या मंडीचं गाव. तिथल्या ह्या बाईने उभा जन्म धान्यातली कीड मारण्यात घालवलेला. चैत्राचं ऊन पडलं की हिच्या गच्चीवर चादरी अंथरल्याच. तांदूळ, तूरडाळ, गहू, सगळं वाळवून, पाखडून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत. डाळीला एरंडेलाचा हात. रव्यात एक जाळं दिसलं तर डबाच्या डबा कोंबड्यांना. आणि तीच बाई आता अळ्यांना गाजर चारते म्हटल्यावर मी भिंतीवरून अर्धी पलीकडे वाकले.

भानगड अशी होती. वहिनींचा नातू इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तीन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी बंगळूरला गेला, आणि जाताना आपला कोळी आजीच्या गळ्यात घालून गेला. साधा घरातला कोळी नव्हे. टॅरेंटुला. तळहाताएवढा, काळा, केसाळ, आणि आठही पायांच्या सांध्यांवर शेंदूर लावल्यासारखे पट्टे. मूळ मेक्सिकोचा. तो नव्हे, ती. मादी आहे, नाव झुमकी. मादी वीस-पंचवीस वर्षं जगते, नर मोठा झाल्यावर फार टिकत नाही. "म्हणजे माह्या मागंबी राहीन ते," वहिनी म्हणाल्या. त्यांना ह्याचं वाईट वाटलं की बरं, ते काही कळलं नाही.

मी बघायला गेले. खोटं कशाला बोलू, दारातूनच बघितलं. काचेची पेटी, त्यात नारळाच्या भुशाची चार बोटं माती, एक आडवं लाकडाचं साल, आणि पाण्यासाठी शीतपेयाच्या बाटलीचं झाकण. ती बसली होती कोपऱ्यात. तासभर बसले मी, ती हलली नाही. आमच्याकडे दुपारी जेवून सोफ्यावर बसलेला माणूससुद्धा ह्याच्यापेक्षा जास्त हलतो.

"खाते काय?"

"खाते कुठं जी! आठ दिवसातून एकडाव. दोन-तीन अळ्या. बस."

आणि इथेच सगळी गंमत आहे. आम्हाला वाटतं, कोळी पाळला म्हणजे कोळ्याचं करायचं. कोळ्याचं काही नसतं हो. पाणी बदललं की झालं. खरं पाळायचं असतं ते त्याचं जेवण. झुमकी आठ दिवसांनी दोन अळ्या खाणार, पण त्या दोन अळ्या जिवंत, धडधाकट आणि पोट भरलेल्या हव्यात. त्यासाठी घरात दोनशे अळ्यांचा संसार. नातवाने माशांच्या दुकानातून आणून दिलेला तो डबा. ह्या अळ्या म्हणजे पीठ-धान्याच्या कोठारात होणाऱ्या काळ्या भुंगेऱ्याची पिल्लं. पिवळट, टणक, इंचभर लांब. मीलवर्म म्हणतात. त्यांना अंथरुणही गव्हाच्या कोंड्याचं आणि जेवणही तोच कोंडा. पाणी प्यायला वाटी ठेवायची नाही, बुडून मरतात. त्यांचं पाणी गाजरातून. म्हणून सालं! आणि सालं ओली राहिली तर कोंड्याला बुरशी, म्हणून ती कोरडी करायची.

कामवालीने हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा कपाळाला हात लावला. "हमन चाउर ले कीरा बीन-बीन के थक गेन दाई, अउ तैं कीरा ला चोकर खवाथस!" तांदळातले किडे निवडून निवडून आम्ही थकलो आणि तू किड्यांना कोंडा चारतेस. वहिनींकडे उत्तर नव्हतं. कोळ्याला मात्र ती घाबरली नाही. इकडे कोळ्याला मेकरा म्हणतात. "बड़का मेकरा ए," एवढंच म्हणाली आणि पोछा मारून गेली.

फ्रिजचा किस्सा वेगळाच. भिलाईचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा पंचेचाळिसाला टेकतो, कूलर नुसता गरम वाफ फेकतो. उन्हात अळ्या भराभर वाढतात, कोषात जातात आणि बघता बघता काळे भुंगेरे होऊन बसतात. भुंगेरा झाला की झुमकीच्या कामाचा नाही; कवच कडक, वर वासही मारतो म्हणे. म्हणून अळ्यांना गार ठेवायचं. गारव्यात त्या झोपल्यासारख्या होतात, वाढ थांबते. नातवाने सांगितलं, भाजीच्या कप्प्यात ठेव. वहिनींनी डब्यावर मोठ्या अक्षरांत "मेथीदाणा" लिहून ठेवलं, का तर भाऊंनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, उघडू नये. भाऊंना मेथी आवडत नाही.

पण नातवाने डबे दोन दिले होते. दुसऱ्यात जरा मोठ्या, बोटाएवढ्या अळ्या, सुपरवर्म. वहिनींनी दोन्ही डबे फ्रिजमध्ये ढकलले. चौथ्या दिवशी सुपरवर्म सगळ्या काळ्या पडून मेलेल्या. त्या गरम मुलखातल्या, त्यांना थंडी सोसत नाही. "एकाले गार पाहिजे, एकाले गरम. माह्या दोन सुना अशाच आहेत," वहिनी म्हणाल्या. सुना पुण्याला आणि रायपूरला आहेत, म्हणून हे भिंतीवर बोलता येतं.

ह्या सुपरवर्मची एक गोष्ट मला फार आवडली. गर्दीत आहेत तोवर त्या अळ्याच राहतात, महिनोन् महिने. एकेकीला उचलून एकटीला डबीत कोंडलं तरच ती कोषात जाते आणि भुंगेरा होते. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, हॉस्टेलला पाठवल्याशिवाय पोरं मोठी होत नाहीत, तसंच झालं.

आता पापपुण्याचं. वहिनी एकादशी करतात, चातुर्मासात कांदा-लसूण नाही, महाराष्ट्र मंडळाच्या भजनात टाळ त्यांचाच. जिवंत अळी चिमट्याने उचलून मरायला सोडायची, हे त्यांना पहिल्या दिवशी जमेचना. चिमटा हातात घेऊन अर्धा तास बसल्या. मेलेली का नाही चालत, असं नातवाला विचारलं. तो म्हणाला, आजी, तिला आठ डोळे आहेत पण दिसतं जेमतेम. तिला सगळं कळतं ते पायांच्या केसांमधून. जमीन हलली की शिकार. मेलेलं कधी उचलेल, कधी नाही. मग वहिनींनी डोळे मिटले, रामकृष्णहरी म्हटलं आणि सोडली.

"मंग?"

"मंग काय! डोळे उघडले तं तोंडात."

कोळी घास गिळत नाही. त्याला आपल्यासारखे दात नाहीत, दोन सुळे आहेत. त्यातून विष टोचायचं, मग पोटातला पाचक रस अळीवर सोडायचा, तिला चिरडत तिचा रस करायचा आणि तो शोषून घ्यायचा. आपण रसाचा आंबा पिळून पिळून चोखतो ना, तसंच. शेवटी उरतो वाटाण्याएवढा चोथा. तो दुसऱ्या दिवशी चिमट्याने काढायचा, नाहीतर बुरशी. वहिनी आता हे मला आमरसाच्या पातेल्यात हात असताना सांगतात. ह्या उन्हाळ्यात मी दोनदाच आमरस केला.

पुण्याचा हिशेबही त्यांनी लावून घेतला. मोठा कोळी महिना-दोन महिने उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. म्हणून वहिनींनी झुमकीचं जेवण द्वादशीवर बसवलं. पंधरा दिवसांतून एकदा, एकादशी सोडून, पारण्याला. चार अळ्या एकदम. नातू हसला पण नाही म्हणाला नाही, आणि झुमकीचंही काही बिघडलं नाही. पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई मात्र म्हणाल्या, "शी, घरात जिवंत प्राणी मारता!" भाऊंनी तिथल्या तिथे विचारलं, "मैत्री बागेतला पांढरा वाघ काय पालक खाते का?" मैत्री बाग म्हणजे आमच्या पोलाद कारखान्याचं प्राणिसंग्रहालय, 1972 पासूनचं, रशियाच्या मैत्रीची खूण. पोरं-नातवंडं घेऊन आम्ही सगळे तिथला वाघ बघून आलोय. त्याच्या जेवणावर कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. आणि बस्तरला जाऊन लाल मुंग्यांची चापड्याची चटणी चाटून आलेले लोकही ह्याच गल्लीत आहेत, नाव घेत नाही. तिकडे ओडिशात मयूरभंजच्या मुंग्यांच्या चटणीला 2024 मध्ये जीआय मानांकनसुद्धा मिळालं.

आमच्या ह्यांना वेगळीच काळजी. रेल्वेत जन्म गेला, कागद पाहिल्याशिवाय वॅगन हलवायची नाही. भिंतीवरून भाऊंना म्हणाले, "परदेशी जनावर आहे, कागद आहे का?" भाऊंनी आतून फाईल आणली. 2022 मध्ये वन्यजीव कायदा बदलला, त्यानुसार परदेशातले असे संरक्षित प्राणी घरात असतील तर सरकारकडे नोंद लागते. 2024 च्या फेब्रुवारीत नियम आले, परिवेश नावाच्या पोर्टलवर सहा महिन्यांत अर्ज करायचा होता. नातवाने केला होता. त्यात झुमकीचं शास्त्रीय नाव, मादी, सगळं. "घरच्या कुत्र्याचं लायसन नाही काढलं कधी," भाऊ म्हणाले, "अन् ह्या मेकऱ्याचा सरकारी कागद आहे." ह्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, सही-शिक्का बघितला, मग चहा घेतला.

हे गंमतीचं वाटतं, पण कागदाचं कारण खरं आहे. 2021 च्या जुलैमध्ये चेन्नईच्या टपाल कार्यालयात पोलंडहून एक पार्सल आलं. कस्टमवाल्यांनी उघडलं तर चंदेरी कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या 107 प्लास्टिकच्या कुप्या, प्रत्येकीत एक जिवंत कोळी. तामिळनाडूतल्या कुणाच्या तरी पत्त्यावर चालले होते. झुमकीच्याच जातकुळीचेही त्यात होते. परत पाठवून दिले. भाऊंनी हे सांगितल्यावर वहिनींना कोळ्यांची नाही, पोस्टमनची दया आली.

भाऊंचा आवडता किस्सा मात्र दुसरा आहे, आणि तो यार्डातला आहे म्हणून ते सगळ्यांना सांगतात. गुत्ती ठाऊक आहे ना? मुरारराव घोरपड्यांची गुत्ती, आंध्रात, मुंबई-मद्रास लाइनीवरचं जंक्शन. तिथल्या रेल्वेच्या लाकडांच्या यार्डात एक कोळी सापडला. निळा! मोरपिशी, चकाकता निळा. पोकॉक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1899 मध्ये त्याचं नाव-वर्णन छापलं. त्यानंतर शंभर वर्षं तो कुणाला दिसलाच नाही. 2001 मध्ये सापडला तो गुत्तीत नव्हेच, तिथून शंभरेक किलोमीटरवर, नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात. म्हणजे तो पहिला कोळी लाकडाच्या ओंडक्यात बसून मालगाडीने गुत्तीला आला असणार. "विदाउट टिकट," भाऊ म्हणतात आणि दर वेळी तितकंच हसतात. आता ते जंगलच तुटत चाललंय, आणि निळ्या कोळ्याला बाहेर हौशी लोकांची मागणी. जगातून नाहीसा होण्याच्या अगदी काठावरचा प्राणी म्हणून त्याची नोंद आहे. 2019 पासून त्याच्या सगळ्या भाऊबंदांच्या परदेशी व्यापारावर बंधन आलं. आपल्या सह्याद्रीतही त्याचे नातेवाईक आहेत, झाडांच्या ढोलीत राहणारे. रानातून असला कोळी उचलून घरी आणायचा नाही, एवढं नातवाने आजीकडून वदवून घेतलंय. वहिनी म्हणाल्या, "मी कायले उचलू बाप्पा, मले घरातलंच निस्तरंना."

मग जूनमधली ती सकाळ. पहिला पाऊस पडून गेलेला. मी दात घासत होते, भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज. "ताई, झुमकी गेली!"

गेले. पेटीत ती उताणी पडलेली. आठही पाय आभाळाकडे. वहिनींनी पदर तोंडाला लावलेला. मीसुद्धा, आता सांगायला हरकत नाही, हळहळले. तीन महिने सालं दिली होती मी. भाऊंनी जास्वंदीखाली खड्डा करायला खुरपं काढलं. वहिनींनी नातवाला व्हिडिओ कॉल लावला आणि रडायलाच सुरुवात केली.

तो तिकडून किंचाळला, "आजी, हात लावू नको! कात टाकतेय ती!"

कोळी मेला की उताणा पडत नाही, पाय पोटाशी आखडून बसल्या जागी जातो. उताणा पडला म्हणजे कात टाकायला झोपलाय. सापासारखंच, पण साप सरपटत निघतो, ही पाठीवर पडून आपलं अख्खं अंग जुन्या अंगातून ओढून काढते. काही तास लागतात. पाय, केस, सुळेसुद्धा जुने सोडून द्यायचे. तेवढा वेळ ती लोण्यासारखी मऊ असते, हलताही येत नाही. आता आठवलं, दोन आठवडे ती खातच नव्हती, पोटाचा रंगही काळवंडला होता. वहिनींना वाटलं, उपास मानवले नाहीत.

"काल काही घातलंस का खायला?" नातवाने विचारलं.

वहिनी गप्प. काल द्वादशी होती. भूक दिसत नव्हती म्हणून चाराऐवजी दोनच अळ्या सोडल्या होत्या. एक वरच मेलेली दिसली, ती काढली. दुसरी मातीत घुसली ती दिसलीच नव्हती.

नातवाचा आवाज बदलला. अळीला पळता येत नाही, पण तोंड आहे. भूक लागली की ती मिळेल ते मऊ कुरतडते. झुमकी ह्या क्षणी सगळ्यांत मऊ होती.

मग काय विचारता. भाऊ, हे आणि आम्ही दोघी, चौघं पेटीभोवती. पंखा बंद, मोबाइलची बॅटरी, श्वास रोखून. पेटी हलवायची नाही, माती ढवळायची नाही. ह्यांनी देवघरातला वातीचा लांब चिमटा आणला, ते बघून मी नुसते डोळे मोठे केले, बोलले नाही. कोपऱ्यातल्या मातीचा एक एक कण बाजूला करत चालले. चाळीस वर्षं वॅगनीच्या कपलिंगमध्ये हात घातलेला माणूस, पण घाम फुटलेला. झुमकीपासून चार बोटांवर, सालाच्या खाली, पिवळी शेपटी दिसली. चिमट्यात आली ती. वळवळत होती. जिवंत, धट्टीकट्टी, माझ्या गाजरावर पोसलेली.

"मारू का?" ह्यांनी विचारलं.

"नको जी," वहिनी म्हणाल्या, "डब्यात टाका परत."

दुपारी तीनला झुमकी सुलट झाली. शेजारी तिची कात, हुबेहूब दुसरी झुमकी, फक्त पोकळ. ती आता वहिनींच्या शोकेसमध्ये, नातवाच्या ट्रॉफीशेजारी, मिठाईच्या पारदर्शक डब्यात आहे. दूधवाल्याने ती बघितली आणि दोन दिवस दूध गेटवर ठेवून गेला. खऱ्या झुमकीचे गुडघे आता असे लालभडक झालेत की पैठणीचा काठ फिका पडावा. सुळे मात्र आधी पांढरे होते, मग लालसर, मग काळे. ते काळे होईपर्यंत खायला द्यायचं नाही, कारण मऊ सुळ्यांनी अळी टोचायला गेली तर सुळेच वाकतील. दोन आठवडे कडक उपास. वहिनींना बरंच वाटलं.

भाऊंना त्या गडबडीत एक बक्षीस मिळालं. पेटी पुसताना झुमकीने मागच्या पायांनी पोटावरचे केस झटकले, ते ह्यांच्या नाही, भाऊंच्या मनगटावर. खाजकुइली लागल्यासारखं खाजत सुटलं. नातवाने सांगितलं, चोळू नका, सेलोटेप चिकटवून ओढा, केस निघून येतील. आले. चावलीच तर गांधीलमाशी डसल्याएवढं दुखतं म्हणे, ते अजून कुणी करून बघितलेलं नाही.

परवा वहिनी तुमसरला गेल्या, भाचीच्या लग्नाची बोलणी आहेत, आठ दिवस लागतील. झुमकीचं भाऊ बघतील, पाणीच बदलायचं आहे. पण त्यांच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर त्याच दिवशी बंद पडला, आणि ह्या उकाड्यात अळ्या आठ दिवसांत कोषात जायला लागतील. तेव्हा जाता जाता वहिनींनी भिंतीवरून एक डबा माझ्या हातात दिला. तो आता आमच्या फ्रिजमध्ये आहे, खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या मागे. ह्यांना मेथी आवडते, म्हणून मी वर "कारळे" लिहिलंय. तुम्ही घरी आलात तर तेवढं ह्यांच्यासमोर बोलू नका.